फॅमिली मेडिसिन घेऊ का? घरचे म्हणतात, एवढं शिकून जीपीच (जनरल प्रॅक्टिशनर) व्हायचं होतं का

निफाडची_लेक

नमस्कार मंडळी. इथे बरेच डॉक्टर आहेत म्हणून विचारते.

मी निफाड तालुक्यातली, घरची द्राक्षबाग आहे. एमबीबीएस झालं, नाशिकमध्येच इंटर्नशिप संपत आलीय. नीट पीजीची (एमबीबीएसनंतरच्या प्रवेश परीक्षेची) रँक अशी आली आहे की मेडिसिन, पेडियाट्रिक्स, स्किन यातलं काही हाताला लागायचं नाही. पॅथॉलॉजी किंवा पीएसएम (सामाजिक आरोग्यशास्त्र) मिळेल. डीएनबी फॅमिली मेडिसिनही (राष्ट्रीय परीक्षा मंडळाचं, फॅमिली डॉक्टरकीचं तीन वर्षांचं पीजी) मिळेल असं दिसतंय. नाहीतर एक वर्ष घरी बसून परत परीक्षा.

खरं सांगायचं तर फॅमिली मेडिसिन मी फक्त रँकमुळे बघत नाहीये. ग्रामीण पोस्टिंगला असताना ओपीडीत मला जे समाधान मिळायचं ते वॉर्डात कधी मिळालं नाही. सकाळी ताप, मग बाळाचं लसीकरण, मग एखाद्या आजींचं बीपी, मग कुणाचा विळा लागलेला हात. तेच काम नीट शिकून करावं असं वाटतं.

पण घरी विषय काढला तर आबा (वडील) गप्प झाले. काका म्हणाले, "जीपी तर एमबीबीएसवरही होता येतं, मग तीन वर्षं कशाला घालवायची?" मैत्रिणी म्हणतात की तू ना धड फिजिशियन होशील ना धड सर्जन. मला भीती दोनच गोष्टींची आहे. नाशिकसारख्या गावात, जिथे कॉलेज रोडपासून मुंबई नाक्यापर्यंत पावलापावलावर स्पेशालिस्टची पाटी आहे, तिथे माझ्याकडे कोण येणार? आणि दहा वर्षांनी मला सगळ्यातलं थोडं थोडं येतं पण कशातलंच पूर्ण येत नाही, असं तर होणार नाही ना?

जे या वाटेने गेले आहेत त्यांनी मोकळेपणाने सांगा.

---

रेसिडेंट_सर्जरी

मी तुझ्याहून थोडाच पुढे आहे, त्यामुळे मोठेपणा करत नाही. पण माझं मत विचारशील तर एक वर्ष परत बस.

नाशिकमध्ये गल्लोगल्ली दवाखाने आहेत. सिडकोत, पंचवटीत, सातपूरला एमबीबीएस, बीएएमएस, बीएचएमएस सगळेच जनरल प्रॅक्टिस करतात. पेशंटला डिग्रीतला फरक कळत नाही. ज्याला परवडतं तो छातीत दुखलं की थेट कार्डिओलॉजिस्टकडे जातो आणि गुडघा दुखला की थेट ऑर्थोपेडिककडे. मधल्या माणसाला त्याच्या लेखी जागाच नाही. हॉस्पिटलांच्या जाहिरातीत 'फॅमिली फिजिशियन हवेत' असं मी तरी फारसं पाहिलेलं नाही. आरएमओ (हॉस्पिटलात पाळीवर थांबणारे डॉक्टर) हवेत असं असतं, आणि त्याला एमबीबीएसही चालतो.

तुला ओपीडी आवडते हे मान्य. पण मेडिसिनमध्ये एमडी केलंस तरी ओपीडी करताच येते की. उलट ते जास्त मानाने करता येईल. एक वर्ष गेलं तर आयुष्याच्या मानाने काहीच नाही.

---

मखमलाबादचा_डॉक्टर

ज्युनिअर आहेस म्हणून एकेरीत लिहितो, राग मानू नकोस.

माझा दवाखाना मखमलाबादच्या बाजूला आहे. रस्त्याच्या एका अंगाला नवे फ्लॅट, दुसऱ्या अंगाला अजून टिकून असलेल्या द्राक्षबागा. बँकेतले निवृत्त लोक येतात, अंबड एमआयडीसीत पाळी करणारी मुलं येतात, आणि हंगामात पेठ-सुरगाण्याकडून उतरलेले मजूर येतात. मी एमबीबीएसनंतर काही वर्षं आरएमओगिरी केली, मग दवाखाना टाकला आणि दवाखाना चालवताना वेल्लोरच्या सीएमसीचा फॅमिली मेडिसिनचा दोन वर्षांचा दूरशिक्षण कोर्स केला. तो डीएनबीच्या तोडीचा नाही. पण त्या कोर्सनंतर माझी ओपीडी बदलली, एवढं नक्की. म्हणून तुझ्या काकांच्या प्रश्नापासूनच सुरू करतो.

जीपी एमबीबीएसवर होता येतं हे कायद्याने खरं आहे. पण एमबीबीएसमध्ये आपण काय शिकतो? मेडिकल कॉलेजच्या वॉर्डात पोचलेला पेशंट. तो गाळून गाळून आलेला असतो. त्याचा आजार पिकलेला असतो, बहुतेक वेळा नावासकट येतो. दवाखान्यात आजार कोवळा येतो. पहिल्या दिवशीचा डेंग्यू, पहिल्या दिवशीचा टायफॉइड आणि साधा व्हायरल ताप हे तिन्ही माझ्या टेबलासमोर एकसारखेच दिसतात. तिथे सगळ्या तपासण्या लिहून टाकणं हे ज्ञान नव्हे. कोणाला आज घरी पाठवायचं, कोणाला उद्या परत बोलवायचं आणि कोणाला या क्षणी रिक्षात बसवून मोठ्या हॉस्पिटलला धाडायचं, हे ठरवणं ही विद्या आहे. ती आपल्या बहुतेक कॉलेजांत कोणी शिकवत नाही, कारण फॅमिली मेडिसिन असा विभागच तिथे नसतो.

डेंग्यूचंच घे. घरच्यांचं सगळं लक्ष प्लेटलेटच्या आकड्यावर असतं. पण धोका बहुतेक वेळा ताप उतरताना, चौथ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास येतो, नेमका घरचे निर्धास्त झालेले असतात तेव्हा. पोटात सतत दुखणं, थांबत नाही अशी उलटी, हिरड्यांतून रक्त, माणूस मलूल पडणं. हे मी पहिल्याच दिवशी कागदावर मराठीत लिहून देतो, डायक्लोफिनॅक-आयब्रुफेन घ्यायचं नाही हे ठळक लिहितो, आणि ताप उतरल्याच्या दिवशी फोन करायला सांगतो. या कामाला यंत्र लागत नाही. पेशंट परत माझ्याकडेच येईल याची खात्री लागते.

आता 'सगळ्यातलं थोडं थोडं' याबद्दल. तू बागेतली आहेस, म्हणून तुला कळेल असं उदाहरण देतो.

ऑक्टोबर छाटणीनंतर काड्यांच्या डोळ्यांना (कोंब फुटतात त्या जागांना) पेस्ट लावतात, हायड्रोजन सायनामाइडची. एका वर्षी त्याच दिवसांत रात्री दवाखाना बंद करायच्या वेळेला एका तरुण मजुराला दोघांनी धरून आणलं. तोंड लालबुंद, डोळे लाल, छातीत धडधड, श्वास लागलेला, उलट्या. सोबतचे म्हणत होते की विषारी काहीतरी चावलं. बीपी कमी, नाडी भरभर. ईसीजी काढला, त्यात हार्ट अटॅकची काही खूण नव्हती. अंगावर पित्ताच्या गांधी नव्हत्या, चावल्याची खूण नव्हती. मी विचारलं, आज काय काम केलं? "पेस्टिंग." हातमोजे होते का? नव्हते. संध्याकाळी घेतली का? मान खाली.

निदान तिथेच झालं. हे रसायन शरीरातली दारू पचवण्याची साखळी मध्येच अडवतं, ॲसिटाल्डिहाइड साचतं आणि माणूस असा लाल होऊन कोसळायला येतो. अल्कोहोल सोडवायला जी गोळी देतात तिचं तत्त्व हेच. याला उतारा नाही. सलाइन, ऑक्सिजन आणि लक्ष ठेवणं. बीपी वर येईपर्यंत त्याच्याजवळ बसलो, सावरला. दुसऱ्या दिवशी बागेच्या मालकाला बोलावून घेतलं, कारण त्याच्या आईचं शुगर-बीपी माझ्याकडेच चालतं. हातमोजे आणले, आणि पेस्टच्या आदल्या दिवसापासून नंतरचा आठवडाभर दारू बंद, हे मुकादमाकरवी सगळ्यांना बजावलं. त्या बागेतून पुन्हा तसा पेशंट आला नाही.

हे ज्ञान कुठल्या एका ब्रँचचं? टॉक्सिकॉलॉजी म्हण, कार्डिओलॉजी म्हण, पीएसएम म्हण. तो माणूस चांगल्या इमर्जन्सीत गेला असता तरी वाचला असता, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण 'आज काय काम केलं' हा प्रश्न पहिल्या मिनिटात सुचायला ती बाग, तो हंगाम आणि ती माणसं माहीत असावी लागतात. फॅमिली मेडिसिनला स्वतःची खोली आहे ती ही. अवयवापुरतं खोल जाणं वेगळं आणि माणसापुरतं, घरापुरतं, गावापुरतं खोल जाणं वेगळं. दोन्हीला वर्षं लागतात.

ही आपल्याकडच्या चार जीपींची समजूत नाही. अमेरिकेत १९६९ पासून ही स्वतंत्र स्पेशालिटी आहे, तीन वर्षांची रेसिडेन्सी करावी लागते. इंग्लंडमध्येही जीपी व्हायला वेगळं प्रशिक्षण आणि वेगळी परीक्षा आहे. नॉर्वेत सुमारे ४५ लाख लोकांच्या नोंदी तपासल्या तेव्हा असं दिसलं की ज्यांचा फॅमिली डॉक्टर १५ वर्षांहून जास्त काळ एकच होता, त्यांच्यात मृत्यूची शक्यता, ज्यांचा डॉक्टर वर्षभरापूर्वीच बदलला होता त्यांच्यापेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी कमी होती. अवेळी दवाखाना गाठण्याचं आणि हॉस्पिटलात भरती होण्याचं प्रमाणही जवळपास तेवढंच कमी. असा अभ्यास कारण सिद्ध करत नाही, हे तुला एपिडेमिऑलॉजीत शिकवलंच असेल. तरी माझ्या टेबलावरून मला जे दिसतं त्याच्याशी तो जुळतो.

पैशाचं. बाग लावली की पहिल्याच वर्षी घड लागत नाहीत, हे आबांना समजावून सांगायला नको. दवाखान्याचंही तसंच. सुरुवातीची वर्षं गाळ्याचं भाडं, डिपॉझिट, मदतनीस मुलीचा पगार, बायोमेडिकल वेस्टच्या गाडीचे पैसे हे सगळं आधी जातं आणि पेशंट नंतर येतात. एकदा घरं जोडली गेली की मग घडी बसते. स्पेशालिस्टइतकं मिळत नाही, मिळणार नाही. मी आणि बायकोने मिळून मुलांचं शिक्षण आणि घराचा हप्ता व्यवस्थित निभावला, बंगला बांधला नाही.

आणि एक गोष्ट तुला आत्ताच सांगून ठेवतो. दवाखाना टाकल्यावर महिनाभरात कुठल्या तरी लॅबचा, कुठल्या तरी हॉस्पिटलचा माणूस पाकीट घेऊन येईल. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमावलीत असं कमिशन घ्यायला आणि द्यायला स्पष्ट मनाई आहे, पण नियम राहू देत बाजूला. फॅमिली डॉक्टरकडे विकायला यंत्र नाही, ऑपरेशन नाही. त्याच्याकडे आहे ते एवढंच की तो 'इथे जा' म्हणाला तर पेशंट डोळे मिटून जातो. ते पाकीट घेतलं की याच गोष्टीचे पैसे घेतले. मी पहिल्या दिवसापासून नाही म्हणालो आणि त्याचा मला कधीही तोटा झाला नाही. पेशंटना हे कळतं, कसं ते मला सांगता येणार नाही, पण कळतं.

रेसिडेंट डॉक्टर, तुमचा मुद्दा खोटा नाही. पेशंट थेट स्पेशालिस्टकडे जातात. पण चार स्पेशालिस्ट फिरून झाल्यावर फाइलींचा गठ्ठा घेऊन ते कोणाकडे येतात हेही कधी बघा.

---

नाशिकरोडकर

मी डॉक्टर नाही, पण वरचं शेवटचं वाक्य वाचून लिहावंसं वाटलं.

माझे वडील नोटप्रेसमधून निवृत्त झाले. हृदयासाठी एका हॉस्पिटलात, शुगरसाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे. दोन्हीकडचे डॉक्टर हुशार आहेत, तक्रार नाही. पण मधे दोन महिने अण्णा उठले की भोवळ येऊन पडायचे. एकदा बाथरूममध्ये पडून कपाळाला टाके पडले. आम्ही एमआरआयपर्यंत जाऊन आलो, मान दाखवली, कान दाखवला.

शेवटी आमच्या जुन्या डॉक्टर बाईंकडे गेले. त्यांनी आधी सांगितलं, घरातली सगळी औषधं पिशवीत भरून घेऊन या, रिकामी पाकिटंसुद्धा. टेबलावर सगळी मांडली, चष्मा लावून एकेका पट्टीवरचं बारीक अक्षर वाचलं. दोन पट्ट्या बाजूला काढल्या. नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या, आत औषध एकच, टेल्मिसार्टन. दोन्ही ठिकाणांहून बीपीसाठी तेच लिहून आलं होतं आणि अण्णा इमानेइतबारे दोन्ही घेत होते. बाईंनी त्यांचं बीपी झोपवून घेतलं, मग उभं करून घेतलं, फरक आम्हाला दाखवला. हृदयाच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला, दोघांचं बोलणं झालं आणि एक पट्टी बंद झाली. भोवळही थांबली.

बाईंची फी आमच्या एमआरआयच्या रिक्षाभाड्याएवढीही नव्हती. या कामाची किंमत लोकांना कळत नाही असं म्हणता, आम्हाला कळली. आमच्या अख्ख्या बिल्डिंगला कळली.

ताई, तुम्ही नक्की व्हा. बाई आता सत्तरीला आल्या आहेत आणि त्यांच्यानंतर कोण, हा आमच्यापुढे खरंच प्रश्न आहे.

---

डीएनबी_एफएम

मी हेच केलंय, म्हणून कोर्सबद्दल थोडं.

नीट पीजीवरच प्रवेश, तीन वर्षं. मेडिसिन, सर्जरी, स्त्रीरोग-प्रसूती, बालरोग या मोठ्या पोस्टिंग, त्याशिवाय ऑर्थो, स्किन, डोळे, ईएनटी, मानसोपचार, इमर्जन्सी अशा छोट्या. थिसिस असतो. एनबीईचा (राष्ट्रीय परीक्षा मंडळाचा) फॅमिली मेडिसिनचा दोन वर्षांचा डिप्लोमाही आहे, पण तुला मिळत असेल तर तीन वर्षंच कर. एमडी फॅमिली मेडिसिनही आता आहे. कोळिकोडच्या सरकारी कॉलेजने आपल्याकडे त्याची सुरुवात केली, भोपाळ, पाटणा, ऋषिकेश अशा एम्समध्ये कम्युनिटी अँड फॅमिली मेडिसिनचे विभाग आहेत. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणातही या विषयाला उत्तेजन द्यायचं लिहिलंय. पण जागा अजून थोड्याच आहेत.

कोर्सचं खरं यश हॉस्पिटलवर आहे. काही ठिकाणी फॅमिली मेडिसिनच्या मुलांना रोटेशनच्या नावाखाली आयसीयूत आणि कॅज्युल्टीत रात्रपाळीला जुंपतात, आणि ओपीडी, जी आपली मुख्य गोष्ट, ती बघायलाच मिळत नाही. मी जिथे होते तिथे पहिलं वर्ष असंच गेलं. मग आम्ही तिघांनी मिळून अकॅडमिक्सच्या सरांकडे लेखी मागणी केली, तेव्हा आठवड्यातून दोन दिवस जनरल ओपीडी मिळाली. तिथे एक सीनियर सर शेजारी बसून फक्त ऐकायचे आणि पेशंट गेला की विचारायचे, "तो आज का आला? खोकला तर महिनाभर आहे म्हणाला, मग आजच का?" हा प्रश्न मी आजही प्रत्येक पेशंटला मनात विचारते.

म्हणून चॉइस (हॉस्पिटलांचा पसंतीक्रम) भरायच्या आधी तिथल्या सेकंड इयरला फोन कर. कन्सल्टंटला नाही, सेकंड इयरलाच. विचार की जनरल ओपीडी किती मिळते, डिलिव्हरी आणि टाके हाताने करायला मिळतात का, लॉगबुकवर सही करणारं कोणी फॅमिली मेडिसिनचं आहे का, स्टायपेंड वेळेवर होतो का, आणि मागच्या बॅचचं थिअरी-प्रॅक्टिकल कितीजणांचं निघालं. पाचही उत्तरं चांगली मिळणार नाहीत. पहिली दोन चांगली असली तरी घे.

---

निफाडची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. पेस्टिंगचं वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडेही दर वर्षी लावतात आणि मजुरांना कोणी हे सांगत नाही.

मखमलाबादच्या सरांना अजून एक विचारते. मुलगी म्हणून या कामाचं काय? संध्याकाळची ओपीडी रात्री नवापर्यंत चालते. घरी लग्नाचंही बघतायत. आणि एकटीने दवाखान्यात बसायचं म्हणजे सुरक्षिततेचाही प्रश्न आहे.

---

मखमलाबादचा_डॉक्टर

हा प्रश्न विचारलास ते बरं केलंस.

माझी बायकोही डॉक्टर आहे, आम्ही एकाच दवाखान्यात वेळा वाटून बसतो. त्यामुळे तिचं बघून सांगतो. संध्याकाळची वेळ सोडता येत नाही, कारण नोकरदार तेव्हाच येतात. पण एकटीने बसायचं नाही. मदतनीस दवाखाना बंद होईपर्यंत थांबली पाहिजे, तपासणीच्या वेळी आत कोणीतरी बाई हवी, कॅमेरा बाहेरच्या खोलीत हवा, आणि रात्रीचे घरचे व्हिजिट ओळखीच्या घरीच, तेही सोबत असेल तर. शक्य झालं तर सुरुवातीला दोघीतिघींनी मिळून एक जागा घ्या. भाडंही वाटलं जातं आणि सुट्टीही मिळते.

आता दुसरी बाजू. आमच्याकडे येणाऱ्या बायका माझ्यासमोर बसून 'अंग दुखतं' एवढंच सांगतात. त्याच बायका तिच्यासमोर खोकलं की लघवी होते, अंगावरून पांढरं जातं, पाळी महिनाभर थांबत नाही, नवरा हात उचलतो, हे सगळं सांगतात. वर्षानुवर्षं अंगावर काढलेलं असतं. गर्भाशयमुखाची साधी तपासणी करून घ्यायला माझ्याकडे एकही बाई तयार व्हायची नाही, तिच्याकडे स्वतःहून विचारतात. या शहरात स्पेशालिस्ट गायनॅककडे जायला बाईला घरी कारण सांगावं लागतं. कोपऱ्यावरच्या डॉक्टर ताईंकडे जायला लागत नाही.

लग्नाचं मी काय सांगू, एवढंच की ज्या घरात तुझ्या संध्याकाळच्या ओपीडीची अडचण वाटेल तिथे एमडी मेडिसिनच्या रात्रीच्या इमर्जन्सीचीही वाटेल.

परत परीक्षा द्यायची का, हे मी ठरवणार नाही. तुला मेडिसिन मनापासून हवं असेल तर दे. पण ओपीडी हवी आहे म्हणून मेडिसिन, आणि मेडिसिन हवं म्हणून एक वर्ष, असं चाललं असेल तर तुला जे हवं आहे ते तुझ्यासमोर आत्ताच आहे. पॅथॉलॉजीचा मात्र विचार करू नकोस. विषय उत्तम आहे, पण तू लिहिलंयस त्यात पेशंटशिवाय दुसरं काही नाही.

चॉइस भरायला अजून थोडे दिवस असतील तर आमच्याकडे येऊन बस. सकाळी साडेनऊ ते दीड मी, संध्याकाळी साडेपाचपासून ती. दोन्ही वेळा बस, सोमवारी ये, त्या दिवशी गर्दी असते. आबांनाही घेऊन ये. ते बाहेर बाकावर पेशंटांमध्ये बसतील, त्यांना काय विचारायचं ते त्यांनाच विचारू दे.

---

निफाडची_लेक

येते सर, सोमवारी सकाळच्या एसटीने. आबांना आत्ताच विचारलं. पेस्टिंगचं तुम्ही लिहिलेलं वाचून दाखवलं तर म्हणाले, "हातमोजे कुठले घ्यायचे ते त्या डॉक्टरांना विचार." येणार आहेत.

डीएनबी_एफएम ताई, तुम्हाला मेसेज टाकलाय, तुमच्या हॉस्पिटलच्या सध्याच्या सेकंड इयरशी ओळख करून द्याल का?